कशावर टाकू?

परवा नात म्हणाली, "आजी, तुझ्या त्या मोसंबीच्या चॉकलेट केकची कृती सांग ना, मी लिहून घेते." लिहून घेते म्हणजे काय, तर फोन माझ्या तोंडापुढं धरून बसली. मी म्हटलं, "घे. पहिलं म्हणजे, गिरणी बंद आहे का बघ." ती खो खो हसत सुटली. तिला वाटलं, आजीचं आता वय झालं. पण खरं सांगते, आमच्या घरात केक तिथूनच सुरू व्हायचा. मैदा किती, साखर किती, हे सगळं मागून.

अंबडला आमचं घर दोन खोल्यांचं. उंबरठा ओलांडला की गल्ली, आणि गल्लीपलीकडं हलिमाखालाची पिठाची गिरणी. नवरा गेल्यावर खालानं गिरणी विकली नाही, स्वतःच चालवायला बसली. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. दिवसभर पिठात असल्यामुळं तिच्या भुवया पांढऱ्या दिसायच्या, आणि लहानपणी मला वाटायचं की ती फार म्हातारी आहे. शुक्रवारी नहाणं झालं की तिच्या भुवया काळ्याभोर दिसायच्या, तेव्हा मी तिला ओळखायचीच नाही. गिरणीला आणि आमच्या घराला वीज एकाच खांबावरून आलेली. खालानं खटका ओढला की आधी मोटर गुरगुरायची, मग पट्टा फटाक फटाक फिरायला लागायचा, आणि त्याच क्षणी आमच्या घरातला दिवा पिवळा पडायचा. आईच्या ओव्हनमधली लालभडक तार काळी पडायची ती तिथंच.

ओव्हन आमच्याकडं कसा आला म्हणाल, तर फौजेतल्या काकांनी आणला. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, धावड्याला मास्तर होते. सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचे आणि शनिवारी रात्री यायचे. त्यांचा धाकटा भाऊ फौजेत. तो वर्षातून एकदा, थंडीत, सुट्टीवर यायचा आणि कॅन्टीनमधून काय काय घेऊन यायचा. एका वर्षी तो ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन घेऊन आला. झाकणाला मधोमध काच, झाकणाच्या आत तार. सोबत कोकोचा एक मोठा डबा. "वहिनी, आमच्या मेसमधी केक बनवतेत, तुमी बी बनवा," एवढं शिक्षण देऊन तो परत गेला. आई सातवी पास. तिनं मासिकातली एक कृती कापून भिंतीला चिकटवली आणि बाकीचं सगळं चुकत चुकत स्वतःच शिकली. पहिला केक बघून आमच्या म्हशीनंसुद्धा तोंड फिरवलं, असं अण्णा सांगायचे. आमच्याकडं म्हैस कधी नव्हती, हा भाग वेगळा.

गिरणी दुपारी बारा-साडेबाराला बंद व्हायची. खाला जेवायची, नमाज पढायची, जरा आडवी व्हायची, आणि तीनच्या सुमाराला परत खटका. म्हणजे केकला मिळायचे दोन-अडीच तास. सुट्टीच्या दिवशी साडेअकरापासूनच आई मला परातीपुढं बसवायची. लोणी आणि पिठीसाखर तळहातानं फेसायची, एकाच दिशेनं. दिशा बदलली की आई नुसत्या आवाजावरून ओळखायची आणि आतून ओरडायची, "सुमे, उलटी फिरून राह्यली का?" फेसून झालं की चिमूटभर पाण्याच्या वाटीत टाकायचं. तरंगलं तर बस्स, बुडालं तर पुन्हा हात चालू. मग गल्लीतला पट्टा थांबला की आई हात जोडून म्हणायची, "झोप बाई आता, निवांत झोप." हे ती खालाला म्हणायची. मग केक आत जायचा.

कोकोचा डबा वर्षातून एकदाच यायचा, म्हणून आईनं त्याच्यावर खिळ्यानं बारा रेघा ओढल्या होत्या. महिन्याला एक रेघ. बाकी सगळा भार फळांवर. दिवाळीला सीताफळ. त्याचा गर भाजला की कडू होतो, हे आईला एक अख्खा केक वाया घालवून कळलं. मग ती साधा केक भाजून गार करायची आणि वरून सीताफळाचा कच्चा गर सायीत कालवून ओतायची. बिया काढायचं काम माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं, आणि आम्ही बिया इतक्या चोखून काढायचो की त्या धुवायची गरज पडायची नाही. थंडीत पेरू, त्याच्या फोडी आणि कोको. संक्रांतीच्या पुढंमागं बोरं, शिजवून, चाळून. तो केक दाताला चिकटायचा आणि अण्णांना तोच आवडायचा. उन्हाळ्यात पपई, मग आंबा. वैशाख पौर्णिमेला विहारात सगळ्यांच्या खिरी असायच्या आणि आईचा आंब्याचा केक. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा अण्णा शाळेत होते. भंतेजींनी पहिल्यांदा तो केक खाल्ला तेव्हा बराच वेळ डोळे मिटून बसले. आई घाबरली. मग त्यांनी डोळे उघडून विचारलं, "अजून आहे का?" जांभळाच्या दिवसात केक असा जांभळा व्हायचा की आठवडाभर आमच्या जिभा बघून शाळेतल्या बाई विचारायच्या, "शाई पिता का रे?" आणि पोळ्याच्या पुढंमागं मोसंबी. मोसंबीचा रस काढून ठेवला की कडवट होतो, म्हणून तो अगदी शेवटी पिळायचा. साल किसायची ती फक्त वरची, पांढरं जरा जरी आलं तर गेला केक. आणि रस पडला की पिठाला थांबायची सोय नसते. सोडा फसफसायला लागतो, लगेच आत ठेवावं लागतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता गिरणीतली एक गोष्ट सांगायला हवी. हल्लीच्या पोरांनी पीठ पिशवीतलंच पाहिलंय. तेव्हा गिरणीत डबा ठेवला की खाला विचारायची, "कशावर टाकू?" म्हणजे तुमच्याआधी ज्याचं दळण झालं, त्याचं थोडं पीठ जात्यात राहिलेलं असतं, ते तुमच्या पिठात उतरणार. म्हणून गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी. बाजरीवर गहू कुणी टाकू देत नसे, पोळ्या करड्या होतात. मैदा त्या दिवसात दुकानात सहज मिळायचा नाही. म्हणून आई पांढरा गहू आणायची, एकेक दाणा बघून निवडायची, दळून आणला की अण्णांच्या जुन्या धोतरातून वस्त्रगाळ करायची. तो तिचा मैदा. त्यामुळं "कशावर टाकू" ह्या प्रश्नाला आमच्या घरात फार मान.

आणि त्या प्रश्नाचं दुसरंही एक अंग होतं, ते बोलून कुणी दाखवत नसे. गल्लीच्या तोंडाशी ओट्यावरच्या काकू राहायच्या. त्यांचा ओटा मोठा म्हणून त्या ओट्यावरच्या काकू. वाईट बाई नव्हत्या. मला परीक्षेच्या वेळी पेन्सिल दिली होती त्यांनी. पण रांगेत आमचा डबा त्यांच्या पुढं असला की त्या म्हणायच्या, "खाला, माझा जरा मागं घ्या, मला घाई नाही." मधे एखादा दुसऱ्याचा डबा जायचा आणि मग त्यांचा. आमच्या पिठावर त्यांचं पीठ नको. खालाही काही न बोलता डबा मागं सरकवायची. मी लहान असल्यापासून हे बघत आले होते आणि मला वाटायचं की काकूंना खरंच घाई नसते. आईला मात्र सगळं कळायचं. घरी आली की ती गहू जास्तच निवडत बसायची.

एका थंडीत काका सुट्टी संपवून परत जाणार होते. आईनं नव्या डब्यातला कोको काढला, चार चमचे, निरोपाचा केक करायचा म्हणून. मला गव्हाचा डबा देऊन गिरणीत पाठवलं आणि बजावलं, "गव्हावर टाकाय सांग. समोर उभी राहा." मी डबा ठेवला, आणि तिथं दोन मैत्रिणी सागरगोटे खेळत होत्या. आता काय सांगू! मी बसले. माझा डाव ऐन रंगात आला होता, एक गोटी वर उडालेली, आणि खालानं हाक मारली, "ए सुमन, बाजरी झाली, तेरा गेहूं कशावर टाकू? थांबती का?" मी वर न बघता म्हटलं, "टाका कशावर बी." आणि गोटी झेलली.

केक करडा झाला. वर कोको, खाली बाजरी, रंग असा की नाव घेववत नाही. काकांनी फौजी माणसासारखे दोन तुकडे खाल्ले, पाणी प्याले, आणि म्हणाले, "वहिनी, ताकद लय हाय ह्याच्यात." आईचा चेहरा उतरला. तिनं पीठ हातात घेतलं, चोळलं, वास घेतला आणि तडक गिरणीत गेली. मी मागं मागं. रांगेत सात-आठ बाया. आई म्हणाली, "खाला, माझा गहू बाजरीवर टाकला?" खालानं माझ्याकडं बघितलं. मी आईच्या पदराआड. खाला एवढंच म्हणाली, "हौ, टाकला." आई म्हणाली, "आमचं काय, कशावर बी चालतं, असं ना? तुमी बी त्यातल्याच निघाल्या. ह्या गिरणीत इमान न्हाई." खालाच्या पिठानं भरलेल्या तोंडावर काही दिसलं नाही. ती म्हणाली, "जा गयाबाई, दुसरी गिरणी देख." मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

तेव्हापासून अबोला. आमचं दळण स्टँडाजवळच्या गिरणीत जायला लागलं आणि तो डबा डोक्यावर घेऊन अर्धं गाव ओलांडायचं काम माझ्याकडं आलं, ते मात्र बराबर झालं. गंमत म्हणजे केक काही थांबले नाहीत. खालाची गिरणी दुपारी बंद व्हायची आणि आई केक करायची, फक्त हात जोडून "झोप बाई" म्हणायचं सोडलं. समोरासमोर घरं, दोघी दारात आल्या की मला मधे घ्यायच्या. आई म्हणायची, "सुमे, सांग त्यांना, त्यांची बकरी आमच्या मोगऱ्याला तोंड लावून राह्यली." खाला दोन हातांवर उभी. तरी मी वळून सांगायची, "खाला, तुमची बकरी." खाला म्हणायची, "बोल तेरी अम्मा को, बकरी को अक्कल नै." मी परत वळून आईला सांगायची. असे आठ महिने गेले. दरवेळी मी ठरवायची की उद्या सांगू.

आणि मग पंचायत समितीच्या मोठ्या बाई आल्या. महिला मंडळाचा पाककलेचा वर्ग निघणार होता. त्याला सरकारी ओव्हन येणार होता आणि शिकवायला एक बाई हवी होती, मानधनावर. शाळेच्या संमेलनात बाईंनी आईचा केक खाल्ला होता. त्या घरी येऊन म्हणाल्या, "गयाबाई, मला तुमचं नाव द्यायचंय. पण कमिटीतले म्हणतात, सातवी पास बाई काय शिकवणार? आणखीही काही म्हणतात, ते मी सांगत नाही. मला माझ्या डोळ्यांनी बघून लिहायचंय. माझ्यासमोर ओव्हनमधे केक करून दाखवा." आईनं आयुष्यात स्वतःचा पगार पाहिला नव्हता. त्या रात्री ती झोपली नाही. मी अंथरुणातून बघत होते, ती हाताच्या बोटांवर काहीतरी मोजत होती. सकाळी म्हणाली, "अण्णाला इतक्यात सांगायचं न्हाई. झालं तर सांगू."

दिवस ठरला तो नेमका खांदमळणीचा, पोळ्याच्या आदला. बाईंना तोच दिवस मोकळा होता. आईनं त्यांना मुद्दाम एक वाजताची वेळ सांगितली, गिरणी बंद असते म्हणून. डबा हलवून बघितला तर कोको तळाला, दोन चमचे. करड्या केकनं चार चमचे खाल्ले होते ना, आणि संमेलनाच्या केकनं पुढच्या महिन्यांच्या रेघा. म्हणजे केक एकदाच होणार, पुन्हा करायची सोय नाही.

त्या आठवड्यात काय व्हावं, गिरणीचा पट्टा तुटला. दोन दिवस दळण बंद. जालन्याहून नवा पट्टा आला तो खांदमळणीच्या सकाळी. उद्या घरोघरी पुरणपोळी, आणि पीठ कुणाच्याच घरात नाही. सकाळपासून डब्यांची रांग गिरणीच्या दारातून निघून आमच्या दारावरून पार काकूंच्या ओट्यापर्यंत गेली. तरी बारा वाजता खाला दोन घास खायला उठली आणि पट्टा थांबला. आईनं सगळं तयार ठेवलं होतं. लोणी-साखर मी अशी फेसली होती की पाण्यात टाकलेला थेंब बुडायचं नावच घेत नव्हता. मोसंबी धुऊन पुसून ताटात. एक वाजला. बाई नाहीत. दीड. दोन. जालन्याची एसटी रस्त्यात बंद पडली होती, हे नंतर कळलं. बाई घामाघूम होऊन दारात उभ्या राहिल्या तेव्हा पावणेतीन वाजले होते.

आईनं माझ्याकडं बघितलं, मी गल्लीकडं. गिरणी अजून बंद होती. खालाला आज कुणी झोपू देणार नव्हतं, पण पट्ट्याचं काहीतरी करत बसली होती म्हणे. आईनं झटकन मोसंबी पिळली, अंडी, पीठ, कोको, सोडा, सगळं एकत्र झालं, भांडं आत गेलं. तार लाल झाली. बाई काचेतून बघत होत्या आणि वहीत लिहीत होत्या. आई हसून सांगत होती, "मोसंबीचं पांढरं येऊ द्यायचं न्हाई, बाई." दहा मिनिटं झाली. केक कडेनं फुगायला लागला. आणि गल्लीत मोटर गुरगुरली.

पट्टा फटाक फटाक सुरू झाला. दिवा पिवळा. तार काळी. आई बोलता बोलता क्षणभर थांबली आणि पुन्हा बोलायला लागली, तोच हसरा चेहरा, फक्त पदराचं टोक तिनं मुठीत असं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली. बाईंना काही कळलं नाही. मला कळलं. पाच मिनिटं तार काळी राहिली तर केक बसणार, आणि केक बसला की संपलं.

मी धावले. रांग ढकलत, डबे ओलांडत, बायांच्या शिव्या खात खालापुढं उभी राहिले. "खाला, गिरणी बंद करा!" पट्ट्याच्या आवाजात तिला ऐकू येईना. मी आणखी ओरडले, "बंद करा, आईचा केक हाय, मोठ्या बाई आल्यात, आईची नोकरी हाय!" आता सगळ्या रांगेला ऐकू गेलं. खालानं पिठातून माझ्याकडं बघितलं. "तेरी अम्मा ने भेजा?" मी म्हटलं, "न्हाई." "मंग? मेरी गिरणीत इमान न्हाई ना? बेइमान गिरणी कायकू रुकेगी?" काकू मागून म्हणाल्या, "अगं बाजूला हो गं, आमच्या उद्याच्या पोळ्यांचं पीठ व्हायचंय."

आणि मी रडायला लागले. रडत रडतच बोलले, सगळ्या रांगेसमोर. "खाला, ती बाजरी माझ्यामुळं. तुमी इचारलं आन मी म्हणले, टाका कशावर बी. मी सागरगोटे खेळत होते. आईला मी सांगितलंच न्हाई. तुमचं इमान न्हाई गेलं, माझं गेलं."

खाला म्हणाली, "मेरेकू क्या मालूम नै?"

"मंग तुमी का न्हाई सांगितलं?"

"सांगती तो तेरी अम्मा तेरेकू तिथंच बदडती. उस दिन उसका गुस्सा देखी थी तू?" आणि मग ती रांगेकडं वळून मोठ्यानं म्हणाली, "सुना क्या सब ने? बराबर सुना?" आठ महिने ती बाई हे एक वाक्य ऐकायची वाट बघत होती, हे मला तेव्हा कळलं. तिनं हात वर केला आणि खटका ओढला. पट्टा दोन-चार गिरक्या घेऊन थांबला.

"बायांनो, पाऊण तास. बैठो आरामशीर."

जो गलका उठला! कुणी म्हणालं, बैल उपाशी राहतील. खाला म्हणाली, "बैल उद्या खाताय, आज नै." कुणी म्हणालं, पाऊण तासात काय होतंय, बसा. बाया डबे उलटे करून त्यावर बसल्या आणि गप्पा मारायला लागल्या. मी तिथंच थांबले. घरी जायची हिंमत नव्हती. थोड्या वेळानं गल्लीत मोसंबीचा आणि कोकोचा वास आला, आणि सगळ्या बाया एकदम गप्प बसल्या.

मी घरी गेले तेव्हा आई केक ताटात काढत होती. कडेनं छान फुगलेला, आणि मधोमध खड्डा. जितका वेळ तार काळी होती, तेवढा खड्डा. मी बाईंच्या वहीकडं बघितलं. आईनं मात्र मान वर केली नाही. तिनं राहिलेल्या मोसंबीच्या फोडी सोलल्या, साखरेच्या पाकात घोळल्या आणि त्या खड्ड्यात गोल गोल अशा बसवल्या की जणू खड्डा त्यासाठीच केला होता. मोठ्या बाईंनी तुकडा तोंडात टाकला, दुसरा घेतला. मग विचारलं, "हा मधे खळगा ठेवून फळ भरायचं, हे कुठं शिकलात?" आई अगदी शांतपणे म्हणाली, "तशी रीतच आहे, बाई." बाईंनी वहीत तेही लिहून घेतलं आणि खाली सही केली. पुढं आईनं कितीतरी वर्षं तो वर्ग चालवला आणि तिच्या हाताखाली शिकलेल्या बाया अजूनही केकच्या मधे खड्डा पाडतात. काही जणी तर त्यासाठी मुद्दाम वाटी दाबतात. मी त्यांना खरं कारण कधी सांगितलं नाही. आज सांगितलं.

बाई एसटीला गेल्या. आईनं दार लोटलं आणि माझ्याकडं वळली. "गिरणी कशी थांबली?" मी सगळं सांगितलं, सागरगोट्यांपासून. ती खालीच बसली. म्हणाली, "आन मी चारचौघांत त्या बाईचं इमान काढलं." मग माझ्या पाठीत एक धपाटा बसला, आठ महिन्यांचं व्याज धरून. मग केकचा तुकडा. मग ती उठली, निवडून ठेवलेल्या गव्हाचा डबा भरला, वर केकची ताटली ठेवली. "खालाच्या गिरणीत जा. सांग तिला..." एवढं म्हणून थांबली. "न्हाई, काही सांगू नको. डबा पुढं ठेव, कळंल तिला. बाकीचं मी उद्या जाऊन बोलंन." दुसऱ्या दिवशी ती खरंच गेली, एकटी. तिथं दोघी काय बोलल्या हे मला कुणी सांगितलं नाही. पण आईचे डोळे सुजलेले होते आणि पदराला पीठ लागलेलं होतं.

तर त्या दिवशी मी डबा खालापुढं ठेवला. तिनं डब्याकडं बघितलं, केकचा तुकडा तोंडात टाकला, "शक्कर कम है," म्हणाली आणि आणखी एक घेतला. ताटली रांगेतून फिरली. काकू म्हणाल्या, "अंडं आहे ना त्यात? श्रावण आहे, मला नको." ताटली पुढं गेली. खालानं आमचा डबा उचलला, "हिचा आधी, इसके घर की वजह से रुकी है गिरणी, तो इसीसे चालू," म्हणाली. खटका ओढला. आमचा गहू दळून झाला, पांढराशुभ्र. पुढचा डबा ओट्यावरच्या काकूंचा होता.

काकू काही बोलायच्या आधीच खालानं विचारलं. हळू नाही, चांगलं मोठ्यानं, पट्ट्याच्या वर आवाज काढून. "काकू, तुमचा कशावर टाकू? मधी दुसऱ्याचा घालू क्या?"

बाया बघायला लागल्या. काकूंनी आमच्या डब्यातल्या पिठाकडं बघितलं, बोटाच्या चिमटीत थोडं घेतलं, चोळलं. मग म्हणाल्या, "कशाला? त्यांच्यावरच टाका. गयाबाईंचा गहू निवडलेला असतो, माझ्या पिठात खडा तरी येणार नाही."

बास, एवढंच. काकूंनी पुढंही आमच्या घरचा केक कधी खाल्ला नाही, आणि मी काही असं म्हणत नाही की त्या दिवसापासून जग बदललं. मी डबा डोक्यावर घेऊन घरी आले. आई चुलीपुढं होती. मी तिला सांगितलं की काकू असं असं म्हणाल्या. तिनं हातातलं काम ठेवलं. "काय म्हणाल्या?" मी पुन्हा सांगितलं. "खाला काय म्हणाली आधी? तसंच सांग, पहिल्यापासून." मी तिसऱ्यांदा सांगितलं. ती पिठाचा डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. मला वाटलं ती वस्त्रगाळ करायला घेतेय, पण तिनं नुसता हात आत घातला होता, गरम पिठात.

शनिवारी रात्री अण्णा धावड्याहून आले. मी दाराआड उड्या मारत होते, की आई आता सांगेल, नोकरीचं, मोठ्या बाईंचं, सहीचं. अण्णांनी पिशवी खाली ठेवली, पाय धुतले, पाटावर बसले. आईनं पाणी दिलं, आणि मला हाताला धरून पुढं केलं.

"सांग गं अण्णाला," ती म्हणाली, "काकू काय म्हणाल्या ते."